रिकाम्या डब्याचा वास

मंगळवार

बाबांनी आज जेवताना जाहीर केलं की गुरुवारपासून दुकान बंद, सगळ्यांनी फिरायला जायचं. मला वाटलं थट्टा करतायत. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा आमचं दुकान बंद नव्हतं, ती फिसकटली तेव्हाही नव्हतं. आजी गेली त्या दिवशीसुद्धा अर्धं शटर वर होतं. आणि आता म्हणे फिरायला! तेही रात्रभराच्या गाडीने, लांबच्या शहरात, दादा-वहिनीला घेऊन. "तिथे गेल्यावर दुकानाचं काय ते सांगेन," एवढं बोलून हात धुवायला उठले.

काय ते मला कुणी सांगायला नको. दुकान दादाला. चहाची पत्ती काळी असते यापलीकडे ज्याला काही ठाऊक नाही, त्या दादाला. तो वर्षभर बाबांच्या कानाशी लागलाय की मिश्रणबिश्रण बंद करा, कंपनीची तयार पाकिटं ठेवा, डोक्याला ताप नाही.

कॉलेज संपल्यापासून मी त्या दुकानात आहे. पत्ती शेजारचा वास ओढून घेते, म्हणून दुकानातल्या माणसाच्या अंगाला वास नको, हा बाबांचा कायदा. त्यापायी मी आजवर वासाचा साबण लावलेला नाही, पावडर नाही, केसांना साधं सुगंधी तेलसुद्धा नाही. मैत्रिणीने वाढदिवसाला दिलेली सेंटची बाटली बाबांनी माझ्यासमोर मोरीत ओतली होती. एवढं करून मिश्रणाच्या टेबलाला मला हात लावू देत नाहीत ते नाहीतच. मी पुड्या बांधायच्या.

वर सकाळचा तो छळ. तीन वाट्यांत तीन पेट्यांतल्या पत्तीचा चहा काढतात, मला वास घ्यायला लावतात, चमच्याने सुर्रकन ओढायला लावतात आणि विचारतात, "आज कुठला जास्त, कुठला कमी?" मी सांगते. ते म्हणतात, "चुकलीस." आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावून मिश्रण करतात. गेलं दीड वर्ष रोज. एकदा, एकदाही माझं बरोबर आलेलं नाही. आधी निदान विचारत तरी नव्हते, तेव्हा मी बरी होते.

आणि गिऱ्हाईक वाढतंय! परवा हेडमास्तर पाव किलो न्यायला आले आणि म्हणाले, "अलीकडे काय हात बसलाय हो तुझ्या बाबांचा, पूर्वी असा नव्हता." मी गोड हसले आणि दोरा इतका करकचून आवळला की पुडी फाटली.

चौकातल्या चहाच्या व्यापाऱ्याने पुन्हा निरोप पाठवलाय. मागे त्याच्या दुकानात उभ्या उभ्या मी सांगितलं होतं की कोपऱ्यातल्या पेटीने ओल धरलीय, ते खरं निघालं, तेव्हापासून तो मागे आहे. मिश्रणाचं टेबल पूर्ण माझ्या ताब्यात देतो म्हणतो. सोमवारी उत्तर द्यायचंय. घरात कुणाला बोलले नाही. बाबांनी एकदा दादाचं नाव घेऊ दे, मग मी माझं तोंड उघडेन.


गुरुवार, गाडीत

वहिनी सेंट मारून आलीय. थोडाथोडका नाही, सगळा डबा घमघमतोय. समोरच्या बाकावरच्या बाईने खिडकी उघडली. मी बाबांकडे पाहिलं. म्हटलं, आता होणार. हा माणूस एकदा अख्ख्या दुकानासमोर गिऱ्हाइकाला म्हणाला होता, "तुमच्या रुमालाला वास येतोय, बाहेर उभे राहा."

काही झालं नाही. वहिनी त्यांच्या शेजारी खेटून बसली, बाबांनी तिला खारे दाणे दिले, आणि गप्पा मारत बसले दोघं. पत्तीच्या नमुन्यांची पिशवी बाबांच्या मांडीवर होती!

मला मोरीत ओतलेली ती बाटली आठवली. निळ्या बुचाची होती. तेव्हा मी रडलेसुद्धा नव्हते, कारण मला वाटलं होतं की कायदा सगळ्यांना सारखा आहे. सुनेला सगळं माफ आणि लेकीला कायदा. मी वरच्या बाकावर चढून तोंड भिंतीकडे केलं.

आई खालून म्हणाली, "काय झालं गं तुला?" म्हटलं, "काही नाही, नाकावर माशी बसली." दादा म्हणाला, "बसायला जागा कुठेय, नकटे?" मला तो लहानपणापासून नकटी म्हणतो. वहिनी हसली. बाबाही हसले.


शुक्रवार

उतरलो ते हॉटेल बरं आहे. गाद्या स्वच्छ, मोरीत गरम पाणी. उशीला धुण्याच्या पावडरीचा वास आहे, पण ते सगळीकडेच असतं.

सकाळी आवरून खाली आले तर आई-बाबा गायब. दादाला विचारलं तर म्हणे फेरफटका मारायला गेलेत. जेवणाची वेळ टळून गेल्यावर उगवले. बाबांचं नाक लालभडक, डोळ्यांत पाणी. "वारं लागलं," म्हणाले. कसलं वारं? पान हलत नव्हतं. आईचा चेहरा असा की बोलायची सोय नाही. तिने पर्समध्ये कसलेसे कागद कोंबले आणि चेन ओढली.

मला सगळं समजतं. वकिलाकडे गेले होते. आपल्या गावात केलं तर चर्चा होते, म्हणून इथे येऊन कागद करायचे. आणि सहीच्या वेळी बाबांना गहिवरून आलं असेल, लेकाच्या नावावर दुकान करताना.

जेवताना बाबांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. आमटी खारट झाली होती, पण ते तसं म्हणालेसुद्धा नाहीत. घरी असं झालं असतं तर आईला वाटी परत घ्यावी लागली असती. मी म्हटलं, "बाबा, दुकानाचं काय ते सांगणार होतात." म्हणाले, "उद्या. उद्या बाजार बघू, संग्रहालय बघू, मग सांगतो." म्हणजे आधी मुलांना फुगा घेऊन द्यायचा आणि मग सुई टोचायची.


शनिवार, दुपार. संग्रहालयाच्या अंगणात

बाकीचे आत आहेत. मी बाहेर बाकावर बसून लिहितेय, कारण आत थांबले असते तर काहीतरी फोडलं असतं.

सकाळी बाजार. एका लांब रस्त्यावर शनिवारी गाड्या बंद करतात आणि दोन्ही बाजूंनी लोक चादरी पसरून बसतात. जुनी घड्याळं, दाराच्या मुठी, एका पायाचे बूट, वजनावर विकायची बटणं, काड्या नसलेले चष्मे. दादाने प्रत्येक टोपी घालून पाहिली. वहिनीने एका छत्रीसाठी इतकी घासाघीस केली की शेवटी विकणारा म्हणाला, "बाई, तुम्हीच बसा इथे, मी घरी जातो." एरवी मला मजा आली असती.

पण बाबांनी मला सोडलं तर ना! पाकीट दिसलं की, "हे बघ, वास घे. कातडं आहे का?" मी म्हटलं, "रेक्झिन." विकणारा माझ्यावर खेकसला. पुढे पुस्तकं. "याला ओल लागलीय का बघ." पुढे लाकडी पेटी. "कुठलं लाकूड?" मी काय शिकाऊ कुत्रं आहे? लोक बघत होते. मी प्रत्येक वेळी सांगत गेले, आणि ते नुसतं "हं" करत माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तिथे "चुकलीस" म्हणाले नाहीत एवढंच. शेवटी म्हटलं, "बाबा, मी सुट्टीवर आलेय. परीक्षा घरी घ्या."

मग तो चहावाला. रस्त्याच्या वळणावर पत्तीचं दुकान मांडलेलं, आणि त्याला चिकटून साबणवाली. मोठ्या मोठ्या रंगीत लाद्या, तारेने कापून देत होती. वास असा की डोळे चुरचुरले. चहाची पोती उघडी, तिच्या फळीला टेकलेली. बाबा गेले, मूठभर पत्ती घेतली, नाकाशी नेली, मान डोलावली आणि म्हणाले, "एक किलो द्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "बाबा, साबणाला लागून आहे. सगळी पत्ती साबण झालीय." त्यांनी मान वळवून त्या लाद्यांकडे पाहिलं. जणू आत्ता दिसल्या. कान लाल झाले. मग मोठ्याने म्हणाले, "माहीत आहे मला. मला हीच हवीय."

एक किलो! पत्ती आजूबाजूचा वास ओढून घेते, हे ज्याने मला सांगून सांगून माझं अर्धं आयुष्य बिनवासाचं केलं, त्याने साबणाचा एक किलो चहा घेतला. मी काही बोलले की त्याच्या उलट करायचं, ही जिद्द. मी सांगितलं नसतं तर घेतला नसता, माझी खात्री आहे.

तिथून संग्रहालय. जुन्या संसारातल्या वस्तू मांडल्यात. कोळशाच्या इस्त्र्या, पितळी तराजू, एक अख्खं जुनं दुकान काउंटरसकट उभं केलंय. बाबा त्या तराजूपाशी बराच वेळ थांबले. मग वासांची खोली. भिंतीत लाकडी डबे बसवलेत, प्रत्येकाला खाली रबरी फुगा. फुगा दाबला की डब्यातला वास बाहेर येतो. डांबर, घोड्याचा तबेला, छापखाना, दोरखंड. वहिनीने डांबराचा वास घेऊन "शाळेची गच्ची!" असं ओरडून सांगितलं, ते मला आवडलं. दादाने माझे डोळे झाकून मला एकेका डब्यापाशी नेलं. मी सगळे ओळखले. तिथे देखरेखीला बसलेल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाला, "नकटे, हे नाक यांनाच देऊन टाक, काचेत ठेवतील."

आणि बाबांना राहवलं नाही. माझ्या टाळ्या बघवल्या नाहीत. पुढे झाले, 'भाजलेली कॉफी' लिहिलेल्या डब्यापाशी वाकले, फुगा दाबला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "वा! काय खमंग आहे."

त्या बाई म्हणाल्या, "काका, तो डबा रिकामा आहे हो. माणूस यायचाय भरायला."

दादा खो खो हसला. वहिनी तोंडाला पदर लावून हसली. आई हसली नाही. बाबा वाकलेले तसेच राहिले, फुगा हातात. मग सरळ झाले आणि पुढच्या पाटीवरचं वाचायला लागले, जणू काही झालंच नाही.

मी त्या डब्याशी नाक नेऊन पाहिलं. नुसतं लाकूड. जुनं, कोरडं लाकूड.

म्हणजे सगळं सोंगच होतं! आजवर मी ज्याला थोर नाक समजले, तो नुसता डोळे मिटून वा वा करणारा माणूस आहे. पाटी वाचायची आणि मान डोलवायची. त्याला कधी काही कळतच नव्हतं. मग माझं रोज चुकतं ते कशावरून? कोण ठरवणार? रिकाम्या डब्यावर वा म्हणणारा? अक्षर बघा कसं आलंय. अंगणात खायची-प्यायची टेबलं आहेत, ते सगळे आता इकडेच येतायत. दादाच्या हातात ती साबणाची पुडी आहे. बरं झालं.


शनिवार, संध्याकाळ. हॉटेलवर

झालं ते लिहून टाकते. नाहीतर उद्या मीच ते सौम्य करून आठवेन.

सगळे टेबलाशी बसले. मी काउंटरवर जाऊन दोन कप मागितले. एक त्यांचा नेहमीचा चहा, आणि दुसऱ्यात नुसतं उकळतं पाणी. त्यात बाबांच्या पुडीतली पत्ती टाकली, झाकली, फुलू दिली, गाळली. वाफ वर आली तीच मुळी न्हाणीघराची. बाजूच्या टेबलावरच्या माणसाने वळून पाहिलं. दोन्ही कप मी बाबांसमोर ठेवले.

"ओळखा," मी म्हटलं. "यातला कुठला टाकाऊ?"

दादा म्हणाला, "अगं, काय चाललंय तुझं?"

"तू गप्प बस. रोज मी ओळखते, आज ते ओळखतील. दोनच आहेत. मला तीन असतात."

आई म्हणाली, "कप उचल. आत्ताच्या आत्ता उचल."

बाबांनी पहिला कप घेतला, एक घोट. दुसरा घेतला, एक घोट. साबणाचा घोट घेऊन त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. मग दोन्ही कप मध्ये सरकवले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तूच सांग. कुठला?"

अगदी सकाळच्या आवाजात. दुकानातल्या. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मी रोजच सांगते आणि रोजच चुकते. तुम्हाला काय येतं? डोळे मिटता येतात. आजवर लोकांना फसवलंत, मला फसवलंत. ढोंगी आहात तुम्ही." हे मी भरल्या अंगणात, उभी राहून, मोठ्याने म्हटलं.

आईने टेबलावर हात आपटला. कप उडाले. "बास! वास येत नाही त्यांना! मागच्या साली तो ताप आला ना, त्यात गेलं सगळं. काल डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. परत यायचं नाही म्हणाले. झालं समाधान?"

चहा टेबलावरून वहिनीच्या साडीवर गळत होता आणि ती पुसतही नव्हती.

मला त्या क्षणी वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. बाबा एवढेसे दिसत होते. पण त्याच वेळी माझ्या डोक्यात हिशोब चालू झाला होता, तो थांबेना. मागच्या सालचा ताप. दीड वर्ष. तीन वाट्या. हेडमास्तर म्हणाले होते, पूर्वी असा नव्हता.

मी खाली बसले. विचारलं, "मग मिश्रण कोण करत होतं?"

"मीच," बाबा म्हणाले.

"कशावरून? काय अंदाजाने?"

ते टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "तू सांगायचीस तसं."

"मी सांगायचे ते चूक असायचं."

"नाही. तू सांगायचीस तेच घालत होतो. तसंच्या तसं."

"मग चुकलीस का म्हणायचात?"

"बरोबर म्हटलं असतं तर तुला कळलं असतं," बाबा म्हणाले.

हे मी शब्दाला शब्द लिहितेय. बरोबर म्हटलं असतं तर तुला कळलं असतं! दीड वर्ष मी घरी येऊन उशीत तोंड खुपसत होते, की एवढी वर्षं काढली तरी आपल्याला साधी पत्ती कळत नाही. भाजीला फोडणी देताना मी हात आखडायला लागले होते, आपलं नाकच खोटं असेल म्हणून. आणि हा माणूस कडीच्या आत माझंच मिश्रण करत होता, बाहेर येऊन शाबासकी घेत होता.

दादाने विचारलं, "मग दुकानाचं काय सांगणार होतात?" तेव्हा कळलं ते याहून भारी. मिश्रण कायमचं बंद. तयार पाकिटं ठेवायची, दादाने बघायचं. मी म्हटलं, "आणि मी?" बाबा म्हणाले, "तुला टेबल दिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, यांचं काय झालं? चहावाल्याचं नाक गेलं हे एकदा बाहेर पडलं की संपलं. तू हात धरून बसवणार होतीस का मला, लोकांसमोर?"

म्हणजे दुकान मेलं तरी चालेल, चहा मेला तरी चालेल, मी मेले तर चालेलच, पण लोकांना कळता कामा नये.

मग मीही सांगितलं. चौकातल्या व्यापाऱ्याचं, सोमवारचं, टेबलाचं. आई म्हणाली, "अगं, त्या चौकातल्याकडे?" बाबा तसेच उठले आणि संग्रहालयाच्या दारातून आत गेले. मला वाटतं त्या तराजूपाशी जाऊन बसले असतील. आई त्यांच्या मागे गेली.

आत्ता थोड्या वेळापूर्वी वहिनी माझ्या खोलीत आली होती. पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "ताई, मला वाटायचं बाबांना माझं सेंट चालतं. मी म्हणायचे, या घरात निदान एका माणसाने मला आहे तशी चालवून घेतली." आणि रडायला लागली. मला तिचाही राग आला होता गाडीत. तो कुठे ठेवू, कळेना. मी तिला माझा टॉवेल दिला. तिच्यामुळे सगळी खोली घमघमतेय, पण खिडकी उघडली नाही.


रविवार, परतीच्या गाडीत

दादा एकदा म्हणाला, "मला कुठे माहीत होतं?" खरंच माहीत नव्हतं त्याला. तो बिचारा आता पाकिटांचं नाव काढत नाही.

बाबा खिडकीशी बसलेत. मी समोर जाऊन बसले. म्हटलं, "बाबा, मला जायचं नाहीये. पण एक करा. तुम्ही तोंडाने सांगा. दुकानात, गिऱ्हाइकासमोर, की मिश्रण ही करते. एवढंच. मग मी कुठे जात नाही."

त्यांनी बाहेर बघत विचारलं, "आणि नाही सांगितलं तर?"

"तर जाते."

"जा मग," म्हणाले.

असा बाप! वास गेला, चव गेली, ताठा तेवढा शाबूत आहे. मला कीव येते, खोटं कशाला लिहू. त्यांना आता आईच्या हातच्या भाताचाही वास येत नाही, पावसाळ्यात भिजलेल्या पोत्याचा येत नाही, जळालेल्या दुधाचासुद्धा नाही. दीड वर्ष एकटे वागवत होते हे, आईलाही गेल्या महिन्यात कळलं म्हणे. कीव आली की मला आणखी राग येतो. कीव मागायलाही त्यांनी मला माणसात धरलं नाही.

जाणार. ठरलं.


सोमवार

सकाळी किल्ल्या द्यायला दुकानात गेले. माझी एक शटरची, एक गल्ल्याची. अकराला व्यापाऱ्याकडे जायचं होतं. मुद्दाम वहिनीचा साबण लावून आंघोळ केली होती. रस्ताभर माझा मलाच वास येत होता, कुणीतरी परकी बाई सोबत चालतेय असं वाटत होतं.

बाबांनी शटर उघडलं होतं. मी किल्ल्या काउंटरवर ठेवल्या. त्यांनी बघितल्या, उचलल्या नाहीत. तेवढ्यात हेडमास्तर आले. चार दिवस दुकान बंद होतं म्हणून बरंच ऐकवलं आम्हाला, आणि म्हणाले, "पाव किलो. नेहमीचा."

डबा रिकामा होता. गुरुवारच्या आधीच संपला होता. बाबा आत गेले. आतल्या पेट्यांची झाकणं उघडल्याचा आवाज आला, एक, दुसरी, मग सगळ्याच. नंतर बराच वेळ काही नाही. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी किल्ल्यांकडे. मला वाटलं, घालतील आता काहीतरी अंदाजपंचे आणि आणतील बाहेर. आणि हे पितीलही. मी निघणार होते, खरंच, पर्स खांद्याला लावली होती.

बाबा बाहेर आले. हात रिकामे.

"आज तयार नाही," म्हणाले.

"मग उद्या येऊ?"

"ते हिला विचारा."

"हिला?"

बाबांनी काउंटर धरला. आवाज इतका चढवला की रस्त्यावरचा माणूस थांबला. "हिला म्हणजे हिला! मला वास येत नाही मास्तर. तापात गेला. दीड वर्ष तुम्ही पिताय ते हिचं मिश्रण आहे. मी नुसतं ढवळतो. तेव्हा यापुढे काही कमीजास्त झालं तर हिला बोलायचं. मला बोलायचं नाही, सांगून ठेवतो!"

एवढं बोलून खाली बसले आणि उगीचच वजनं पुसायला लागले. कपाळाला घाम. मला शाबास म्हणाले नाहीत, चुकलं म्हणाले नाहीत, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. राग गेलेला नाही माझा. इतक्यात जाणारही नाही. व्यापाऱ्याला मी अजून 'नाही' असं कळवलेलं नाही, आणि बाबांना ते आणखी काही दिवस माहीत नसलेलंच बरं.

हेडमास्तर मात्र माझ्याकडे वळले. चष्मा वर केला. मला वाटलं, आता कौतुक करतील. मी पदर सारखा केला.

"असं होय," म्हणाले. "मग बरं झालं भेटलीस. मागच्या वेळचा फार कडक होता. घशाला लागला."

आजवर कुणी माझ्या चहाची तक्रार माझ्याकडे केली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी पर्स खाली ठेवली आणि म्हटलं, "कडक नव्हता. तुम्ही उकळत ठेवता, तो तुमचा दोष. बसा तिथे. मी आंघोळ करून येते, मग करून देते."